डाव्या सीटचं वजन

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असालच. इकडे आत्या बरी, दुकान बरं, मी बरी. माझा पायही बरा. फोनवर तुझा पहिला प्रश्न तोच असतो म्हणून उत्तर आधीच देऊन टाकलं. आता उरलेलं पत्र मोकळ्या मनाने वाच.

पत्रच का, तर फोनवर तू पायाचं विचारतोस, मी "ठीक" म्हणते, मग आपण दोघं हवापाण्यावर बोलतो आणि फोन ठेवतो. इतकी वर्षं हेच चाललंय. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, ही मोठी सोय आहे.

बातमी ही, की मी एक गाडी वेगवान करतेय. हसू नकोस. जुनी, बुटकी, दोन दारांची गाडी. नवी होती तेव्हा लोक हातातलं काम टाकून तिला बघायला बाहेर यायचे. आता रंग उडालाय, पण तोरा तसाच आहे. टेकडीची शर्यत पुन्हा सुरू होणार आहे, फक्त जुन्या गाड्यांसाठी. पद्धत तीच: एकेक गाडी पायथ्यापासून सोडायची आणि माथ्यावर घड्याळ थांबवायचं. मी नाव दिलंय. चालवणार मीच.

कोणाची गाडी, कुठून आणलीस, असं विचारशील. जरा दम धर. काटा हलत असताना आकडा वाचायचा नाही, असं बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. माझा काटा अजून हलतोय.

खर्चाचं म्हणशील तर अंथरूण पाहूनच पाय पसरलेत. मोठं इंजिन, टर्बो असली थेरं मला परवडत नाहीत. शर्यतीला येणाऱ्या बाकीच्यांनी चकचकीत फिल्टर बसवलेत, मागे डब्याएवढे सायलेन्सर लावलेत, आणि आवाज वाढला म्हणजे वेग वाढला अशा समजुतीत सगळे खूश आहेत. मी पडले वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. मला गाडीत आधी वजन दिसतं. ताकद विकत आणावी लागते, वजन फुकट काढता येतं.

म्हणून मागची सीट काढली. गालिचे, रेडिओ, स्टेपनी, जॅक, मागच्या बंपरच्या आतलं लोखंड, सगळं काढलं. आवाज दाबायला कंपनीने आत डांबरासारखे जाड थर चिकटवलेले असतात, तेही काढले. त्यासाठी आत्याचा केस वाळवायचा ड्रायर पळवला. थर तापवायचा, मऊ झाला की पटाशीने खरवडायचा. आत्याला दोन दिवसांनी ड्रायरला डांबराचा वास आला तेव्हा तिने माझा उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. काढलेली प्रत्येक वस्तू मी काट्यावर ठेवून बघितली. शेवटी सगळं मिळून पाहिलं तर गाडीतून चांगला दीड माणूस उतरला होता.

खिशातले पैसे गेले ते टायर, ब्रेक आणि चाकांजवळच्या रबरी बुशांवर. पळवायच्या आधी तिला थांबायला शिकवलं. ब्रेकच्या नळ्या बदलताना एक गोष्ट सापडली, ती पुन्हा कधीतरी लिहीन. क्लचचं पेडल वेल्डरमामांनी जरा खाली करून पुढे, लांब सरकवून दिलं. दुकानासमोर शेड आहे ते मामा, तू गेलास तेव्हा त्यांना केस होते.

आता माझी खरी करामत ऐक. गोदामातले चार प्लॅटफॉर्म काटे आपल्याकडे दुरुस्तीला होते. मी ते दुरुस्त केले आणि परत देण्याआधी चार चाकांखाली एकेक ठेवला. टेबलाचा एक पाय आखूड असला की ते तिरकं डुगडुगतं ना, तशी गाडीही डुगडुगत असते, फक्त आपल्याला दिसत नाही. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक मिळून एक आकडा, पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून दुसरा. हे दोन आकडे जुळले तर गाडी दोन्ही बाजूंच्या वळणांना सारखी वळते. मोठमोठ्या गॅरेजवाल्यांकडे यासाठी महागडी यंत्रं असतात. माझ्याकडे बाबांचं दुकान आहे. वेल्डरमामांनी लोखंडी चकत्या कापून दिल्या, त्या स्प्रिंगखाली घालत घालत मी आकडे जुळवत आणले. मामा बघत बसले होते, म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर गाड्या जोडल्या, पण गाडी अशी तोलताना कुणाला बघितलं नाही." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एक सहज विचारते. तुझं वजन किती आहे हल्ली? आपल्या वाढदिवसाला बाबा आपल्याला मोठ्या काट्यावर उभं करायचे, त्याची आठवण झाली म्हणून. नक्की कळव.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यांत चार प्रश्न. "कोणती गाडी? ती तर नाही ना? ब्रेक कोणी बघितले? पाय कसा आहे?" वजनाचं मात्र एक अक्षर नाही.

तर ऐक. होय, तीच. आपली टोळ.

तू शहर सोडताना मला बजावलं होतंस, भंगारवाल्याला बोलाव आणि ती नजरेआड कर. मी बोलावलंही होतं. तो आला, तिच्याभोवती फिरला आणि किलोचा भाव सांगू लागला. म्हणजे आपल्याच दुकानात, आपल्याच काट्यावर टोळ किलोवर विकायची! मी त्याला जुने तीन मोडके काटे देऊन वाटेला लावलं. मग मामांनी आणि मी टोळ ढकलत मागच्या शेडमध्ये नेली, ताडपत्री घातली, वर रिकामी खोकी रचली. आत्याला ठाऊक होतं. तिला काय ठाऊक नसतं? तुला सांगितलं नाही, कारण तू रागावशील अशी भीती नव्हती. तू गप्प बसशील अशी भीती होती.

आता नळीची गोष्ट. पुढच्या उजव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी मी काढली. बाहेरून ठीक होती. उभी कापली, तर आतून सुजून पार बंद. सुईसुद्धा जाईना. म्हणजे पेडल दाबलं की डावं चाक धरणार, उजवं मोकळं राहणार, आणि गाडी डावीकडे ओढली जाणार. दादा, अपघात झाला ते वळण उजवीकडचं होतं आणि आपण डावीकडे गेलो.

मामा म्हणतात, इतकी वर्षं पडून राहून ती नंतर सुजली असेल. असेलही. मी वजनकाट्याची माणूस आहे, हलत्या काट्यावर आकडा सांगणार नाही. नळीच्या भरवशावर मी तुला काही सांगत नाही.

मी सांगतेय ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मी तुझ्या डाव्या हाताला बसले होते. रस्ता मला पाठ होता, ते वळण तुला ओरडून सांगून झालं होतं, पुढचं वळण यायला वेळ होता. तेव्हा मी तुझ्या हातांकडे बघत होते, कारण तू ब्रेक दाबताना स्टिअरिंग कसं धरतोस ते मला शिकायचं होतं. गाडी डावीकडे ओढली गेली तेव्हा तुझे हात सरळ होते. तू काही चुकीचं केलं नाहीस. गाडी आधी गेली, तुझे हात नंतर हलले. हे मी दवाखान्यातच सांगणार होते, पण तू पलंगापाशी यायचास, पायाकडे बघायचास आणि निघून जायचास. नंतर शहरच सोडलंस. विचारलंस ते फक्त पायाचं. पायाला काय ठाऊक असणार? तो तर खाली होता.

पायाचंही एकदा सांगून टाकते. डावा गुडघा पुरता वाकत नाही, हे तुला ठाऊक आहे. क्लचचं पेडल म्हणूनच पुढे सरकवलं. आता क्लच असा दाबला जातो की बघत राहावं. जिने चढताना दुखतो, थंडीत कुरकुरतो, बाकी त्याची माझ्याबद्दल तक्रार नाही आणि माझी त्याच्याबद्दल नाही. मला राग पायाचा कधीच नव्हता. तू माझी सीट घेऊन गेलास त्याचा होता. आपण दोघं मिळून टेकडी चढायचो. तू चालवायचास, मी वळणं ओरडायचे. एका दिवसात तू ठरवून टाकलंस की ते संपलं, आणि मला विचारलंही नाहीस.

रागाने लिहिते आहे असं वाटेल. थोडं आहेच. पण जास्त आहे ती घमेंड. शेडमध्ये जाऊन टोळकडे बघितलं की मला वाटतं, हे मी केलं. हिची सुरुवात तू केलीस, पण हे मी केलं.

शर्यत पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आहे. जुन्या गाड्यांच्या गटात शेजारी माणूस बसवायची मुभा आहे. मी ही माहिती फक्त माहिती म्हणून दिली.

वजन कळव.

तुझी, डावीकडे बसणारी,
धाकटी


सोमवार, ३१ मार्च

प्रिय दादा,

तू आला नाहीस. ठीक आहे. तुझं पत्र नाही, फोनही नाही. वहिनीने परस्पर आत्याला फोन करून सांगितलं म्हणे, की तू ती नळीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतोस आणि कुणाशी बोलत नाहीस. बोलू नकोस. ऐक.

मी गटात तिसरी आले! पहिल्या दोघांच्या इंजिनांचा खर्च ऐकला तर आत्याला घेरी येईल. माझ्यामागे जे राहिले त्यांत त्या डब्याएवढ्या सायलेन्सरवाल्यांपैकी एकूणएक आहेत. त्यांतला एकजण नंतर येऊन टोळभोवती फिरला, खाली वाकला, आत डोकावला आणि म्हणाला, "यात नक्की केलंय काय? काही दिसत नाही." मी म्हटलं, "दिसणार कसं? जे केलं ते काढून टाकलं."

पण सुरुवातीला फजिती झाली, तीही सांगते. गाडी तोलताना चालवणारा सीटवर बसलेला असावा लागतो, नाहीतर आकडे खोटे येतात. तेव्हा मी उजवीकडे बसायचे आणि मामा काटे वाचायचे. त्या वेळी डाव्या सीटवर मी दुकानातली लोखंडी वजनं ठेवली होती. बहात्तर किलो. तू शेवटचा काट्यावर उभा राहिलास तेव्हाचा तुझा आकडा, अधिक अंदाजाने थोडं संसाराचं. मामांना वाटलं, मी चाचणी म्हणून ठेवलीत. सगळं जुळल्यावर मी वजनं उतरवली नाहीत तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे तू रिकाम्या सीटसाठी गाडी तोललीस?"

मी म्हटलं, "रिकामी नाही. माणूस यायचा आहे."

शर्यतीच्या सकाळी मी तीच वजनं पट्ट्याने आवळून सीटवर बसवली आणि तपासणीला गेले. तपासणीस चष्मा कपाळावर घेऊन आत बघत राहिले.

"बाई, सीटवर हे काय आहे?"

"वजनं."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"माणूस आलेला नाही म्हणून."

ते भले गृहस्थ. हसले नाहीत. पण म्हणाले, पट्टा तुटला तर हे लोखंड तुमच्याच डोक्यात येईल, उतरवा. त्यांचं बरोबरच होतं. उतरवली. आता गाडी डावीकडून हलकी, म्हणजे सगळा तोल बिघडलेला. मामा पाना घेऊनच आले. "आता ती सीटही काढ. सोळा किलो आहे, चार बोल्ट, पाच मिनिटांचं काम. निदान हलकी तरी पळेल." आणि हे तंतोतंत खरं होतं. दोन महिने मी बोल्ट-नटाच्या वजनासाठी भांडले होते, स्टेपनीसुद्धा ठेवली नव्हती, आणि सोळा किलो समोर बसले होते.

मी म्हटलं, "मामा, तेवढं वजन मला परवडतं."

 त्यांनी पाना खिशात घातला आणि सीटच्या पट्ट्याची टोकं सैल लोंबत होती ती नीट बांधून दिली.

मग निघाले. पहिली वळणं गेली. डावीकडच्या वळणांना टोळ तिरकी डुगडुगली, अपेक्षितच होतं, मी सांभाळून घेतलं. वळणं ओरडणारं कुणी नव्हतं म्हणून मीच ओरडत होते, आणि मीच ऐकत होते. आणि मग आपल्या अपघाताचं ते वळण आलं. आत्याचं नाक. आपण त्या वळणाला हे नाव का दिलं होतं ते आठवतं ना? लांबलचक येतं आणि शेवटी एकदम आत वळतं.

खोटं कशाला सांगू, त्याचं नाव मी दोनदा ओरडले. पाय क्लचवर होता, तो वेळेवर दाबला गेला. मी ब्रेक दाबला. दादा, टोळ सरळ राहिली. आखलेल्या रेघेसारखी सरळ. चारही चाकांनी धरलं, गाडी वाकली, कापत आत गेली आणि बाहेर निघाली. मी ओरडत होते की रडत होते ते मलाच कळलं नाही. त्याच्यापुढचं एक वळण मी ओरडायला विसरले, तिथेच थोडा वेळ गेला असणार.

आत्या नेमकी त्याच वळणाच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती. तिथेच बसायचा हट्ट तिने धरला होता. बाजूच्या कुणीतरी तिला सांगितलं, की या वळणाला आत्याचं नाक म्हणतात, का कोण जाणे. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण तिची मान ताठ. घरी आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "टेकडीवर माझ्या नावाचं वळण आहे. भल्याभल्यांना घाम फुटतो."

रात्री ती एवढंच म्हणाली, की तुझे बाबा असते तर त्यांनी तुला काट्यावर उभं केलं असतं, आनंदाने किती वजन वाढलं ते बघायला.

पुढची शर्यत ऑक्टोबरात आहे. सीट जागेवर आहे. मी तुला ये म्हणत नाही, चालव तर मुळीच म्हणत नाही. चालवणार मीच. फक्त एवढं कर, स्वयंपाकघरातल्या नव्हे, नीट काट्यावर उभा राहा आणि काटा थांबेपर्यंत थांब.

तुझी,
धाकटी


बुधवार, १६ एप्रिल

प्रिय दादा,

कार्ड मिळालं. नमस्कार नाही, सही नाही, पायाची चौकशी नाही. एवढ्या कोऱ्या कार्डाच्या मधोमध नुसतं "ब्याऐंशी".

आत्याने ते उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाली, "याला दुसरं काही सुचलं नाही का लिहायला?" मी म्हटलं, "आत्या, इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय." मग ती आत गेली आणि बराच वेळ नाक शिंकरत होती. ते नाक म्हणजे साधंसुधं नाही, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

ब्याऐंशी! दहा किलोंनी चुकले मी. वहिनीला सांग, माणूस छान ठेवलायस. चारही काटे पुन्हा मागून आणले, डाव्या सीटवर दहा किलो वाढवले आणि मागच्या स्प्रिंगखालच्या चकत्या बदलल्या. मामा काटे वाचत होते. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोन्ही आकडे जुळले. अगदी जुळले. मग मी वजनं उतरवून दुकानात जागेवर ठेवली. आता ती गिऱ्हाइकांसाठी.

येताना जाड बूट घालू नकोस, आणि तोवर खाण्यापिण्यात काही कमी-जास्त करू नकोस, मी पुन्हा चकत्या कापणार नाही. वळणं विसरला असशील तर वाटेत आठव. आत्याच्या नाकाला मोठ्याने ओरड, मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं पाहिजे.

तुझी, आता उजवीकडे बसणारी,
धाकटी